सोनं वरचं, चीक आतला

लोणच्याची चिनी मातीची बरणी फुटते तेव्हा घरात क्षणभर कुणी बोलत नाही. बहुतेक वेळा ती आईची किंवा आजीची असते. नवी बरणी आणता येते, पण त्या बरणीच्या काठावर वर्षानुवर्षं दादरा बांधून पडलेली खूण नव्या बरणीला नसते. तुकडे टाकवत नाहीत म्हणून ते वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर जातात. मग कधीतरी मोबाइलवर सोन्याच्या रेषांनी सांधलेला जपानी कप दिसतो आणि माळ्यावरची ती पुडी आठवते.

या कलेचं नाव किन्त्सुगी. किन म्हणजे सोनं, त्सुगी म्हणजे सांधणं. नाव सुंदर आहे, पण त्यामुळेच निम्मे गैरसमज झाले आहेत. उरलेले निम्मे झटपट संचांनी आणि सुविचारांच्या चित्रांनी पसरवले. ज्यांना ही कला खरोखर शिकायची आहे, त्यांच्यासाठी ते दूर करणं गरजेचं आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकांसाठी तर जास्तच, कारण ज्या झाडाच्या चिकावर ही कला उभी आहे, त्याची भावकी आपल्याच रानात आहे.

गैरसमज १ : फुटलेले तुकडे सोन्याने जोडतात.

वस्तुस्थिती : सोनं काहीही जोडत नाही. तुकडे धरून ठेवतो तो उरुशी नावाच्या झाडाचा चीक. गव्हाचं पीठ पाण्यात मळून त्यात हा चीक घोटतात आणि तयार झालेला चिकट लगदा तुकड्यांच्या कडांना लावतात. पतंग चिकटवायला आपण मैद्याची खळ करतो, तिचाच हा कितीतरी पटींनी टिकाऊ भाऊबंद. कपची उडून खड्डा पडला असेल, तर दगडाची बारीक पूड आणि चीक यांची लांबी भरतात. ती सुकली की घासून सपाट करतात. त्यावर काळ्या उरुशीचा हात, पुन्हा घासणं, मग लाल उरुशीची केसासारखी बारीक रेघ. ही रेघ अर्धवट चिकट असतानाच तिच्यावर सोन्याची पूड भुरभुरतात.

म्हणजे सोनं हा शेवटचा थर. एका लहान कपाला ते गुंजांच्या हिशेबात लागतं. पूड पक्की बसली की ती घोटून चमकवतात. त्यासाठी अकीक दगड वापरतात, आणि परंपरेने ताई नावाच्या माशाचा दातसुद्धा. प्रत्येक दुरुस्तीवर सोनं असतंच असंही नाही. चांदी वापरतात, कधी नुसती लाल किंवा काळी रेघ ठेवतात.

गैरसमज २ : उरुशी म्हणजे आपली लाखच.

वस्तुस्थिती : हा गोंधळ भाषेमुळे झाला. इंग्रजीत दोन्हींना मिळतीजुळती नावं आहेत आणि त्यांचं मूळ आपल्या ‘लाक्षा’ या संस्कृत शब्दात आहे. पदार्थ मात्र पूर्ण वेगळे आहेत. लाख हा किड्याचा स्राव. आपल्या भागात पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे बसतात, रस शोषतात आणि स्वतःभोवती कवच तयार करतात. ते खरवडून लाख मिळते. उरुशी हा थेट झाडाचा चीक. सालीला आडव्या चिरा पाडून तो थेंबाथेंबाने गोळा करतात. जपानमध्ये इवाते प्रांतातलं जोबोजी हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. दहा-पंधरा वर्षं वाढवलेल्या एका झाडातून साधारण २०० मिलिलिटर चीक निघतो, म्हणजे चहाचे दोन लहान कप.

कामाच्या दृष्टीने फरक आणखी मोठा. लाख उष्णतेने मऊ होते, म्हणून सोनार ती तापवून पोकळ दागिन्यात भरतात आणि विळ्या-सुऱ्यांची पाती मुठीत बसवायलाही तिचा उपयोग होत आला आहे. पण ७० ते ८० अंशांच्या आसपास ती ढिली पडते. लाखेने सांधलेल्या कपात वाफाळता चहा ओतला, तर सांधा सुटू शकतो. उरुशी एकदा पक्की झाली की पुन्हा वितळत नाही. ‘इथे लाख मुबलक आहे, तिनेच किन्त्सुगी करू’ हा विचार मनापासूनचा असला, तरी खायच्या-प्यायच्या भांड्याला तो लागू पडत नाही. शोभेच्या मातीकामाला मात्र लाख वापरून पाहायला काहीच हरकत नाही. फक्त त्याला लाखेचं काम म्हणावं.

गैरसमज ३ : झाडाचा चीक, म्हणजे निर्धोक.

वस्तुस्थिती : उरुशीचं झाड आम्रकुळातलं. आंबा, काजू, चारोळी आणि बिब्बा याच कुळातले. कैरीचा चीक ओठाला लागून पुरळ उठलेलं कुणाला आठवत नाही? बिब्ब्याचं तर सांगायलाच नको. धोब्याची न पुसणारी खूण ज्या काळ्या तेलाने होते, ते कातडीला लागलं की फोड येतात आणि माणसं म्हणतात, ‘बिब्बा उतला’. बिब्बे फोडून गोडंबी काढणाऱ्या बायांच्या बोटांवरचे काळे डाग आणि भाजल्यासारखी सोललेली कातडी ज्याने जवळून पाहिली, त्याला ओल्या उरुशीबद्दल वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

दोन्हींतले दाहक घटक रसायन म्हणून एकमेकांचे सख्खे आहेत. उरुशीतल्या द्रव्याला उरुशिऑल म्हणतात. ओल्या उरुशीला हात लागला, तर दोन-चार दिवसांनीही खाज, सूज आणि फोड येऊ शकतात. म्हणून हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि हवेशीर जागा एवढं हवंच. ज्यांना बिब्बा किंवा कैरीचा चीक पटकन बाधतो, त्यांनी उरुशीपासून लांब राहणंच बरं. पूर्ण पक्की झालेली उरुशी मात्र बाधत नाही. जपानमध्ये शतकानुशतकं तिच्या लेपाच्या वाडग्यांतून माणसं जेवत आली आहेत. आणि एक कळकळीची विनंती : उरुशी मिळत नाही म्हणून बिब्ब्याच्या तेलावर घरी प्रयोग करू नका.

गैरसमज ४ : उन्हात ठेवलं की लवकर वाळतं.

वस्तुस्थिती : आपल्याकडे ज्याची सगळ्यात जास्त गंमत वाटावी असा मुद्दा हाच. उरुशी वाळत नाही, ती पिकते, आणि पिकायला तिला ओल लागते. चिकातच एक विकर असतं. दमट हवेतला प्राणवायू घेऊन ते उरुशिऑलचे रेणू एकमेकांत गुंफतं. हिकोरोकुरो योशिदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १८८३ साली त्याचा शोध लावला. पुढे त्याला ‘लॅकेज’ हे नाव मिळालं. म्हणजे आपली लाक्षा नावापुरती का होईना, तिथे पोचलीच.

या कामाला साधारण २० ते ३० अंश तापमान आणि ७० ते ८५ टक्के आर्द्रता मानवते. त्यासाठी ‘मुरो’ नावाचं लाकडी कपाट असतं. घरी ओला कपडा ठेवलेली झाकणाची पेटी चालते. आता चंद्रपूरचा मे महिना आठवा. पारा ४५ च्या वर, हवा कोरडी ठाक, पेटीतला कपडा दुपारपर्यंत कडकडीत. त्या दिवसांत उरुशी आठवडाभर ओलीच राहू शकते. मृग लागला की चित्र पालटतं. ज्या दमट हवेत पापड मऊ पडतात आणि कपाटाला बुरशी येते, तीच हवा या चिकाला हवी असते. मृगापासून पोळ्यापर्यंतचा काळ हा आपल्या दोन्ही जिल्ह्यांतला किन्त्सुगीचा खरा हंगाम.

गैरसमज ५ : एका दुपारी शिकून होते.

वस्तुस्थिती : बाजारातल्या संचात दोन नळ्यांतला इपॉक्सी गोंद आणि सोनेरी पूड असते. ती पूड बहुधा पितळेची किंवा अभ्रकाची. त्याने एका दुपारी कप जोडला जातो आणि हात बसायला हा सराव चांगलाही आहे. पण असं भांडं शोभेचं समजावं. त्यात चहा पिऊ नये, वरण वाढू नये.

उरुशीच्या कामात प्रत्येक थर पिकल्याशिवाय पुढचा चढवता येत नाही. नुसता सांधा पक्का व्हायलाच दोन आठवडे किंवा जास्त लागतात. सगळं मिळून महिना-दोन महिने सहज जातात, मोठ्या भांड्याला त्याहून अधिक. आणि नीट काम होऊनही ते भांडं मायक्रोवेव्हमध्ये किंवा भांडी धुण्याच्या यंत्रात घालायचं नसतं, रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायचं नसतं. मऊ फडक्याने हातानेच धुवायचं. लोणच्याची बरणी सांधली, तर तिच्यात पुन्हा खारं-आंबट मुरवण्यापेक्षा सुकी मिरची किंवा साखर भरावी.

गैरसमज ६ : एका शोगुनच्या वाडग्यापासून ही कला सुरू झाली.

वस्तुस्थिती : गोष्ट अशी सांगतात : पंधराव्या शतकातला शोगुन, म्हणजे जपानचा लष्करी सत्ताधीश, आशिकागा योशिमासा याचा आवडता चिनी वाडगा तडकला. त्याने तो चीनला पाठवला, तिथून तो धातूचे टाके घालून परत आला, ते त्याला आवडले नाहीत आणि जपानी कारागिरांनी सोन्याची युक्ती काढली. तो वाडगा खरोखर आहे. हिरवट झिलईचा, नाव बाकोहान, आज टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात. पण त्याच्यावर सोनं नाहीच. त्याचे टाके आजही जागेवर आहेत, आणि रसिकांनी ते नावासकट जपले. गोष्टीचा शेवट नंतर जोडलेला आहे.

चिकाने भांडी सांधणं तर याहून फार जुनं. जपानच्या जोमोन काळातल्या, म्हणजे काही हजार वर्षांपूर्वीच्या, मातीच्या भांड्यांवरही उरुशीने केलेली दुरुस्ती सापडते. सोन्याची रेघ रुजली ती पुढे, चहाच्या सोहळ्याबरोबर.

गैरसमज ७ : आपल्याकडे फुटलेलं भांडं फक्त टाकायचंच.

वस्तुस्थिती : तडा गेलेलं भांडं घरात ठेवू नये, असं आपण ऐकत आलो. भेगेत अन्न अडकतं, भांडं दगा देतं, हे त्यामागचं व्यवहारज्ञान खरं आहे. पण फुटलेल्या मातीला आपल्याकडे किंमत नाही, हे खरं नाही. कुंभाराची भट्टी रचताना बघा. मडकी झाकायला वरून खापरंच लावतात. भाजलेली खापरं कुटून त्यांची पूड कच्च्या मातीत मिसळली की भांडं वाळताना आणि भाजताना कमी तडकतं. जुनं मडकं असं नव्या मडक्याच्या अंगात जातं.

चंद्रपूर जिल्ह्यात मातीकाम शिकायचं, तर भद्रावतीचं नाव आधी येतं. कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी तिथे ग्रामोदय संघ उभा केला आणि कुंभारकामाला शास्त्राची जोड दिली. किन्त्सुगीचा विद्यार्थी आधी अशा ठिकाणी मातीत हात घालून आला, तर त्याला भांडं का तडकतं ते कळेल. कमी भाजलेली माती पाणी पिते, म्हणून माठातलं पाणी गार राहतं. पण त्याच पाझरामुळे पाण्याच्या माठाला हा सांधा मानवत नाही. चुलीवरच्या मडक्याला तर मुळीच नाही, कारण जाळावर चीक करपतो. घट्ट भाजलेली, झिलईची भांडी या कामाला उत्तम.

मग सुरुवात कशी करायची?

बरणी फुटलीच, तर आज एवढंच करा. सगळे तुकडे उचला, नखाएवढ्या कपच्यासुद्धा. ते धुऊन पूर्ण वाळवा. गोंद न लावता एकदा जुळवून पाहा आणि कोणता तुकडा आधी बसतो, त्याप्रमाणे पेन्सिलीने आकडे घाला. घाईने झटपट गोंद लावू नका. तो नंतर काढणं हे बरणी सांधण्याहून अवघड काम आहे. उरुशीवर खर्च करण्याआधी एका साध्या, जिव्हाळा नसलेल्या कपावर सराव करा.

मग तुकडे कागदात गुंडाळून वर तारीख लिहा आणि पुडी माळ्यावर ठेवा. आता ती अडगळ नाही. ती मृगाची वाट पाहते आहे.