तांडेल, जाळं आणि चर्च : ख्रिस्ती लोक ज्याला ‘कृपादान’ म्हणतात ते नेमकं काय असतं?

मिरकरवाडा बंदरातून मासेमारीला निघणाऱ्या बोटीवर खलाशी कितीही असले तरी तांडेल एकच असतो. पाण्याचा रंग, वाऱ्याची दिशा, मासळीचा थवा कुठे असेल याचा अंदाज, सगळं त्याच्या डोक्यात. पण एकटा तांडेल जाळं ओढू शकत नाही. इंजिनाकडे बघणारा वेगळा, जाळं टाकणारे वेगळे, जेवण रांधणारा वेगळा. बोट धक्क्याला लागली की फाटलेलं जाळं शिवणारे, बर्फ भरणारे, लिलावात मासळी घेणाऱ्या बायका, अशी आणखी एक साखळी सुरू होते. यातलं कुठलंही एक माणूस गेलं की सगळ्यांच्या वाट्यावर परिणाम होतो.

आता या बंदराचा आणि चर्चचा संबंध काय? तर संबंध आहे, आणि तो थेट दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक शब्दात आहे.

सोशल मीडियावर अधूनमधून एक प्रकारचे व्हिडिओ फिरत असतात. स्टेजवर माईक घेतलेला एक प्रचारक, समोर हात वर केलेली गर्दी, कुणी रडतंय, कुणी न कळणाऱ्या भाषेत बोलतंय, कुणी कुबड्या टाकून चालायला लागलंय. खाली कमेंटमध्ये निम्मे लोक ‘आमेन’ लिहितात आणि निम्मे शिव्या घालतात. मधल्या मध्ये एक साधा प्रश्न राहून जातो. हे सगळं ज्या शिकवणीवरून येतं, ती शिकवण मुळात काय सांगते?

त्यासाठी जायला लागतं करिंथला. ग्रीसमधलं हे शहर एका चिंचोळ्या भूपट्टीवर वसलेलं. एका बाजूला लेखायोन बंदर, दुसऱ्या बाजूला किंख्रिया. दोन समुद्रांमधला व्यापार इथून चालायचा, त्यामुळे शहरात सगळीकडची माणसं. व्यापारी, गुलाम, खलाशी, सैनिक, यहुदी, ग्रीक, रोमन. अशा शहरात पौलाने एक छोटी मंडळी उभी केली. तो तिथून गेला आणि मंडळीत भांडणं लागली. प्रभुभोजनाला श्रीमंत आधी येऊन जेवून घ्यायचे, कष्टकरी उशिरा पोचायचे ते उपाशी राहायचे. कुणी ‘मी अमक्याचा माणूस’ म्हणायचा, कुणी तमक्याचा. आणि सगळ्यात मोठा वाद होता तो उपासनेत कुणाचं देणं मोठं यावर. ज्यांना ‘अन्य भाषा’ बोलता यायच्या, म्हणजे प्रार्थनेच्या भरात कुणालाच न समजणारे शब्द तोंडून यायचे, ते स्वतःला वरच्या पायरीवरचे समजायला लागले.

इ.स. ५५ च्या आसपास पौलाने या मंडळीला एक खरमरीत पत्र लिहिलं. बायबलमध्ये ते ‘करिंथकरांस पहिले पत्र’ म्हणून आहे. त्याचे १२ ते १४ हे तीन अध्याय म्हणजे या विषयाचा पाया. त्यात त्याने वापरलेला शब्द आहे ‘खारिस्मा’. ‘खारिस’ म्हणजे कृपा, आणि कृपेने मिळालेली वस्तू म्हणजे खारिस्मा. मराठीत त्याला ‘कृपादान’ म्हणतात आणि हा शब्द मूळ ग्रीक शब्दाच्या फार जवळ जातो. कमावलेलं नाही, मिळालेलं. म्हणून त्यावर फुशारकी मारायला जागाच उरत नाही. पौलाचा सगळा मुद्दा तोच होता.

त्याने दिलेल्या यादीत ज्ञानाचं बोलणं आहे, विश्वास आहे, आरोग्य देणं, चमत्कार, संदेश देणं, आत्मे ओळखणं, अन्य भाषा आणि त्यांचा अर्थ सांगणं आहे. व्हिडिओत दिसतात ती यातलीच दोन-तीन. पण त्याच अध्यायाच्या शेवटी दुसरी एक यादी येते आणि तिच्यात ‘मदत करणं’ आणि ‘कारभार पाहणं’ हीसुद्धा कृपादानं म्हणून घातलेली आहेत. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात तर सेवा, शिकवण, धीर देणं, दानधर्म, दया करणं अशी अगदी रोजच्या जगण्यातली कामं आहेत. ती कधी व्हायरल होत नाहीत, एवढंच.

आणि इथे तो ग्रीक शब्द येतो. कारभार पाहण्यासाठी पौलाने वापरलाय ‘कुबेर्नेसिस’. याचा शब्दशः अर्थ जहाज हाकणं, सुकाणू धरणं. ‘कुबेर्नेतेस’ म्हणजे जहाजाचा सुकाणूधारी. मिरकरवाड्याच्या भाषेत सांगायचं तर तांडेल. दोन बंदरांच्या गावाला पत्र लिहिताना पौलाने मंडळीच्या कारभाऱ्याला तांडेल म्हटलं आणि त्याला रांगेत बसवलं मदत करणाऱ्याच्या शेजारी.

असाच आणखी एक शब्द. इफिसकरांस पत्रात शिक्षक आणि पाळक कशासाठी असतात, तर माणसांना कामासाठी तयार करायला, असं म्हटलंय. या तयार करण्याला तिथे ‘कातार्तिस्मोस’ म्हटलंय. याच धातूचं क्रियापद शुभवर्तमानात येतं ते गालील समुद्रावर. येशूने याकोब आणि योहान या भावांना हाक मारली तेव्हा ते बोटीत बसून जाळी नीट करत होते, तिथे. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा मिरकरवाड्यात जे काम चालतं, तेच. म्हणजे पाळकाने एकट्याने सगळे मासे पकडायचे नाहीत, जाळं शिवून ठेवायचं. ज्या चर्चमध्ये सगळं एका माणसाभोवती फिरतं, त्यांच्यासाठी ही गोष्ट अडचणीची आहे खरी.

उपासनेबद्दल पौलाने नियमही घालून दिले. अन्य भाषेत बोलायचं असेल तर दोघांनी, फार तर तिघांनी, तेही एकामागून एक. अर्थ सांगणारा नसेल तर गप्प बसायचं. संदेश देणाऱ्याचं बोलणं बाकीच्यांनी पारखून घ्यायचं. आणि या दोन अध्यायांच्या मध्ये त्याने प्रीतीवरचा १३ वा अध्याय घातला. लग्नात वाचला जातो तो हाच. पण लिहिला गेला तो लग्नासाठी नाही, तर उपासनेतल्या भांडणासाठी.

पुढे चर्चमध्ये यावर मतं फुटली. काहींचं म्हणणं, चमत्कार आणि अन्य भाषा ही दानं पहिल्या शिष्यांच्या काळापुरती होती. काहींचं म्हणणं, ती आजही तशीच चालू आहेत. कॅथोलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६४ च्या एका दस्तऐवजात, कृपादानं सर्वसामान्य श्रद्धावंतांनाही मिळतात हे मान्य केलं, पण ती खरी की खोटी हे ठरवायचा अधिकार धर्माधिकाऱ्यांकडे ठेवला. १९६७ मध्ये अमेरिकेत कॅथोलिक करिश्माई चळवळ सुरू झाली आणि काही वर्षांत ती भारतातही पोचली.

जगाच्या इतिहासात या विषयाचं एक मोठं पान मात्र मराठी आहे.

पुणे जिल्ह्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. दुष्काळात वाचवून आणलेल्या मुली, बालविधवा, टाकून दिलेल्या बायका, अशा हजाराहून जास्त जणी तिथे राहायच्या. १९०४ मध्ये वेल्समध्ये मोठं धार्मिक जागरण झाल्याची बातमी आली आणि १९०५ च्या सुरुवातीला रमाबाईंनी रोजच्या प्रार्थनेसाठी गट सुरू केला. आधी ७० जणी होत्या, त्या पाचशेच्या वर गेल्या. जून १९०५ च्या अखेरीस एका रात्री एक मुलगी उठून मोठ्याने प्रार्थना करायला लागली. आपल्या अंगावर आग उतरल्यासारखी वाटतेय असं ती म्हणत होती, आणि तिची मैत्रीण घाबरून पाण्याची बादली आणायला धावली. मुक्तीत काम करणाऱ्या अमेरिकन मिशनरी मिनी अब्राम्स यांनी हा प्रसंग लिहून ठेवलाय. पुढचे दिवस मुली तासन्‌तास एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करत होत्या, रडत होत्या. नंतर अन्य भाषा बोलल्याच्याही नोंदी आहेत. त्यातल्या कित्येक मुलींचे गट मग गावोगाव प्रचाराला निघाले.

ज्या मुलींना घरात कुणी विचारत नव्हतं, त्या चारचौघांत उभ्या राहून बोलायला लागल्या, ही गोष्ट धर्म बाजूला ठेवूनही छोटी नाही.

पेन्टेकॉस्टल चळवळीचा जन्म सहसा लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर, एप्रिल १९०६ मध्ये झाला असं सांगितलं जातं. केडगाव त्याच्या आधीचं. त्यामुळे ही चळवळ एकाच ठिकाणाहून पसरली की जगात अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे उगवली, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. पण एक धागा स्पष्ट आहे. अब्राम्स यांनी १९०६ मध्ये या अनुभवावर पुस्तिका लिहिली आणि ती चिलीमध्ये असलेल्या आपल्या जुन्या मैत्रिणीला, मे हूवर यांना पाठवली. तिथल्या मेथडिस्ट मंडळीत ती वाचली गेली आणि १९०९ च्या सुमारास चिलीत पेन्टेकॉस्टल चर्च उभं राहिलं. दक्षिण अमेरिकेतल्या एका मोठ्या चर्चच्या मुळाशी दौंड तालुक्यातलं एक गाव आहे.

टीकाही भरपूर झाली. हा उन्माद आहे, गोंगाट आहे, असं बऱ्याच मिशनऱ्यांनीही म्हटलं. रमाबाईंनी मुलींची बाजू घेतली. भारतीय माणसाने भारतीय पद्धतीने भक्ती केली तर त्यात चूक काय, अशी त्यांची भूमिका होती. पण स्वतः अन्य भाषा बोलल्याचा दावा त्यांनी केला नाही, आणि तसं बोलता आलं तरच पवित्र आत्मा मिळाला, हेही मानलं नाही. त्यांनी आपलं उरलेलं आयुष्य घातलं ते हिब्रू आणि ग्रीक भाषांतून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करण्यात. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, खिळे जुळवणाऱ्या मुक्तीच्याच बायका. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या त्याच्या आधी भाषांतर पुरं झालं होतं. केडगावच्या जागरणाची चर्चा होते तेव्हा त्या छापखान्याकडे कुणी फारसं बघत नाही. पौलाच्या यादीत मात्र दोन्ही बसतं.

रत्नागिरी जिल्ह्याचा माणूस यात येतो तो गाण्याच्या वाटेने. नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ चा, करजगावचा. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तोवर मराठी चर्चमध्ये इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरं परक्या चालींवर म्हणायचा रिवाज पडला होता. शब्द मराठी, पण जीभ अडखळायची. तसा मराठी वळणाचा प्रयत्न जुना आहे. गोव्यात फादर स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीच छापलं गेलं होतं. अहमदनगरकडे ख्रिस्ती कीर्तनंही व्हायची. पण रविवारच्या उपासनेत अभंग, भजन आणि कीर्तन पक्कं बसवलं ते टिळकांनी. ‘उपासना संगीत’ या मराठी चर्चच्या गीतसंग्रहात त्यांच्या रचनांचा वाटा मोठा आहे. बाप्तिस्म्याने त्यांची कविता बदलली असेल, पण ती त्यांना तिथे मिळाली नव्हती. ती कोकणातून आणि संतांच्या वाचनातून आधीच सोबत आलेली होती. म्हणजे कृपादान हे आकाशातून नवंच पडायला हवं असं नाही, आधीपासून असलेलं कसब मंडळीच्या कामी लावणं हाही त्याचाच भाग, असं म्हणणाऱ्यांसाठी टिळक हे सगळ्यात चांगलं उदाहरण.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. चर्चमधल्या अनेकांना ते रुचलं नाही. १९१९ मध्ये टिळक गेले आणि त्यांचं अपुरं ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. ज्या बाईला लग्नानंतर अक्षरओळख झाली, तिने.

राहिला प्रश्न रोग बरे करण्याचा, कारण खरी जोखीम तिथे आहे. गाणं बेसूर झालं तर कुणाचा जीव जात नाही. साखरेचं औषध बंद केलं तर जातो.

मुख्य प्रवाहातल्या चर्चमध्ये आजाऱ्यासाठी प्रार्थना होते, कॅथोलिकांमध्ये तैलाभ्यंगाचा संस्कार आहे, पण डॉक्टर सोडा असं कुणी सांगत नाही. उलट याच शिकवणीतून दवाखाने उभे राहिले. ज्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने कोल्हापूरनंतर रत्नागिरीत काम सुरू केलं, त्याच मिशनच्या डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेचं रुग्णालय उभारलं. वेंगुर्ल्यात डॉ. गोहीन यांनी काम केलं. (त्यांचा वेंगुर्ल्यात जन्मलेला मुलगा रॉबर्ट पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष आणि नंतर अमेरिकेचा भारतातला राजदूत झाला.)

व्हिडिओतला प्रचारक मात्र वेगळ्या प्रकारचा असू शकतो, आणि तिथे कायदा लागू होतो. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात घरी, मंदिरात, दर्ग्यात, गुरुद्वारात किंवा चर्चमध्ये होणाऱ्या प्रार्थनेला हात लावलेला नाही, फक्त त्यातून कुणाला शारीरिक इजा किंवा आर्थिक नुकसान होता कामा नये. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं, लोकांना फसवणं किंवा घाबरवणं हा मात्र गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच ते पन्नास हजार रुपये. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणंही त्यातच येतं. शिवाय १९५४ चा केंद्राचा कायदा ठरावीक आजारांवर चमत्कारी इलाजाची जाहिरात करायलाच बंदी घालतो. हे सगळं सर्व धर्मांच्या बुवा, बाबा, मौलवी आणि पाद्रींना सारखंच लागू आहे.

म्हणजे प्रार्थना करताना कुणी रडलं, ओरडलं, न कळणारं बोललं, तर तो त्या मंडळीच्या आतला प्रश्न, आणि तो पारखायची पद्धत पौलाने मंडळीलाच सांगून ठेवलेली आहे. त्याच मंडपात कुणी हातातली गोळी काढून घेतली आणि बदल्यात क्यूआर कोड पुढे केला, तर तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात करता येते. या कायद्यासाठी पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारीच दक्षता अधिकारी म्हणून नेमलेला असतो.