डोंगरावर सुटलेली दारू घरी परत का लागते?

पिरंगुट सोडलं, टेमघर धरणाच्या बाजूने घाट चढला की पलीकडे लवासा हे नवं वसवलेलं शहर लागतं. वरसगाव धरणाच्या पाण्याकाठचा त्याचा दासवे हा भाग, रंगीत इमारती, आडवारी रिकामे पडलेले रस्ते. घरात दारूचं दुखणं असलेल्या माणसाच्या मनात इथे हमखास एक विचार येतो : आपल्या पिणाऱ्याला दोन महिने इथे आणून ठेवलं तर? ना ते मित्र, ना तो गुत्ता. शनिवार-रविवारी इथेही ग्लास भरतात, हा भाग सोडा. पण जागा बदलण्याचा विचार अगदीच भाबडा नाही. त्याने काय साधतं आणि काय राहून जातं, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

आधी शरीर

रोज पिणाऱ्याने दारू एकदम थांबवली की पहिल्या चोवीस तासांतच हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. दारूच्या गुंगीला तोंड देता देता मेंदू स्वतःला सतत चेतवून ठेवायला शिकलेला असतो. गुंगी गेली तरी ती चेतना लगेच उतरत नाही. पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येते. त्यानंतर काहींना भास होतात, भान हरपतं. उपचार मिळाले नाहीत तर जीवही जाऊ शकतो. म्हणून वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याला घरात कोंडून किंवा नुसत्या हवापालटाला नेऊन दारू तोडायला लावणं धोक्याचं आहे. डॉक्टर मोजूनमापून औषधं देतात, थायमिन म्हणजे ‘ब १’ जीवनसत्त्व देतात, आणि आठवडा-दहा दिवसांत अंगाची थरथर थांबते. घरचे म्हणतात, ‘सुटली एकदाची!’ खरं काम इथून पुढे सुरू होतं.

दारू कोणतं काम करत होती?

समजा, याच मुळशी तालुक्यातल्या एका घरातला चाळिशीचा माणूस. वडिलांनी जमीन विकली, पैसा गाडीत आणि लग्नांत संपला, आता तो कुणाच्या तरी बंगल्यावर वॉचमन आहे. संध्याकाळी सातला ड्यूटी सुटते. दुपारी मालकाच्या पोराने त्याला ‘ए’ म्हणून हाक मारलेली असते. काय वाटलं असं विचारलं तर तो म्हणेल, ‘काय नाय, डोकं फिरलं.’ त्या दोन शब्दांत अपमान आहे, गेलेल्या जमिनीचं दुःख आहे, वडिलांवरचा राग आहे आणि पोरांच्या फीची धास्ती आहे. त्याला हे वेगवेगळं दिसत नाही. छाती जड झालेली तेवढी कळते. फाट्यावर चपटी घेतली की थोड्याच वेळात सगळं बोथट होतं. असं रोज घडलं की मेंदू धडा पक्का करतो : छाती जड झाली की चपटी. पुढे अपमानाचंही निमित्त लागत नाही. सात वाजले, फाटा दिसला, की तल्लफ येते.

सहन न होणाऱ्या भावनांवर माणूस नशेचं औषध स्वतःच शोधून काढतो, हा विचार अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ एडवर्ड खांत्झियन यांनी १९८५ मध्ये मांडला. सगळी व्यसनं त्याने उलगडत नाहीत; आनुवंशिकता, संगत, हाताशी मिळणारी दारू यांचाही वाटा असतो. शिवाय हे औषधच दुखणं वाढवतं. दारूने उदासी वाढते, सकाळी शरम वाटते, आणि त्या शरमेवर संध्याकाळी पुन्हा तोच उतारा.

जागा बदलल्याने काय होतं?

व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांचा संशोधक ली रॉबिन्स यांनी १९७० च्या दशकात अभ्यास केला. साधारण पाचांतला एक सैनिक तिथे हेरॉइनसारख्या नशेत अडकला होता. मायदेशी आल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यातले ५ टक्क्यांच्या आसपासच पुन्हा अडकले. व्यसन जिथे लागलं तो मुलूख, ती भीती, तो सहज मिळणारा माल, सगळंच मागे राहिलं होतं.

आपल्या वॉचमनला लवासाला आणलं, तर गणित नेमकं उलटं होतं. व्यसन लागलं घरच्या वाटेवर, उपचार डोंगरावर. आणि परतायचंय त्याच फाट्यावर. तळ्याकाठी तल्लफ आली नाही, कारण तिला जागं करणारं तिथे काही नव्हतं. डोंगर उसंत देतो. त्या उसंतीत काय शिकला, यावर पुढचं ठरतं.

मग शिकायचं काय?

पुण्यातल्या ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्राचं काम इथे पाहण्यासारखं आहे. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या बळावर २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याला हे केंद्र सुरू केलं. तिथले कितीतरी कार्यकर्ते स्वतः व्यसनातून बाहेर आलेले आहेत. समोरचा त्याच वाटेने आलाय हे कळलं की थाप मारण्यात अर्थ उरत नाही.

तिथे गटात बसवलेला माणूस पहिले काही दिवस ‘सगळं ठीक’ एवढंच म्हणतो. दुसरा कुणी आपली फजिती सांगतो, तिसरा रडतो. मग एके दिवशी आपला वॉचमन म्हणतो, ‘मला ए म्हटलं ना, तेव्हा लाज वाटली.’ ‘डोकं फिरलं’च्या जागी ‘लाज वाटली’ आलं, की उपाय सुचू लागतात : बायकोशी बोलता येतं, नोकरी बदलता येते, निदान तल्लफ ओसरेपर्यंत बसून राहता येतं. तल्लफ चढते तशी ओसरतेही, बहुधा अर्ध्या तासात. न पिता ती ओसरलेली पाहणं हाच मेंदूला नवा धडा, आणि तो अनेकदा गिरवावा लागतो. जुनं दुःख, नैराश्य खोल असेल तर समुपदेशन आणि औषधंही लागतात.

परतीची वाट

घसरण बाटलीच्या बरीच आधी सुरू होते. माणूस गटाची मीटिंग चुकवतो, जेवण टाळतो, एकटा पडतो, ‘मला आता काही होत नाही’ म्हणू लागतो. दारू सोडणाऱ्यांच्या ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ या गटात भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार गोष्टींवर लक्ष ठेवायला सांगतात, ते यासाठीच. सातची वेळ रिकामी राहिली तर फाटा ती भरतो. माळ घालून दारू सोडलेली माणसं आपल्याकडे गावोगाव भेटतात. माळेबरोबर त्यांना संध्याकाळचं भजन, एकादशी, दिंडी मिळते; सात वाजता जायला जागा आणि वाट पाहणारी माणसं मिळतात.

घरच्यांनाही शिकावं लागतं. वास घेणं, खिसे तपासणं, जुनं उकरणं याने पुन्हा शरमच वाढते. उधारी फेडत राहण्याने, साहेबाला खोटं सांगण्याने व्यसन पोसलं जातं. एखादी स्लिप झालीच, म्हणजे तो पुन्हा प्यायला, तर ‘गेलं सगळं’ म्हणून हात टेकू नयेत. त्याच दिवशी केंद्राला फोन करावा आणि पिण्याआधी काय घडलं होतं, ते शोधावं.

तेव्हा लवासा असो की येरवडा, केंद्र निवडताना तीन प्रश्न विचारा : पहिल्या आठवड्यात डॉक्टर असतात का? घरच्यांशी कोण बोलतं? आणि घरी सोडल्यावर वर्षभर फॉलो-अप कसा ठेवता? तिसऱ्या प्रश्नाला गोलमोल उत्तर मिळालं तर दुसरं केंद्र शोधा. सुरुवात कुठून करावी तेच कळत नसेल, तर सरकारच्या ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, आणि तिथे मराठीतून बोलता येतं.