विश्लेषण : ‘सेक्रेटेरिएट’चा विक्रम ५० वर्षांनंतरही का टिकून आहे?

अमेरिकेतील बेलमाँट स्टेक्स ही दीड मैलाची शर्यत ‘सेक्रेटेरिएट’ या घोड्याने ९ जून १९७३ रोजी २ मिनिटे २४ सेकंदांत जिंकली. दुसऱ्या क्रमांकाचा घोडा तेव्हा ३१ लेंथ, म्हणजे सुमारे ७५ मीटर मागे होता. त्यानंतर प्रशिक्षणाच्या पद्धती बदलल्या, पशुवैद्यक पुढे गेले आणि पैदाशीवर प्रचंड पैसा ओतला गेला. तरीही त्या अंतरावर बेलमाँटमध्ये एकही घोडा या वेळेच्या जवळ पोहोचलेला नाही. अवघ्या १६ महिन्यांची कारकीर्द असलेल्या या घोड्यात असे काय होते?

‘ट्रिपल क्राउन’ म्हणजे काय?

केंटकी डर्बी (सव्वा मैल), प्रीकनेस स्टेक्स (साधारण १९०० मीटर) आणि बेलमाँट स्टेक्स (दीड मैल) या अमेरिकेतील तीन शर्यती. तिन्ही फक्त तीन वर्षांच्या थरोब्रेड घोड्यांसाठी असतात आणि परंपरेने पाच आठवड्यांत उरकल्या जातात. तिन्ही जिंकणाऱ्या घोड्याला ‘ट्रिपल क्राउन’ विजेता म्हणतात. घोड्याला ही संधी आयुष्यात एकदाच मिळते, कारण पुढच्या वर्षी तो चार वर्षांचा झालेला असतो. १९१९ पासून आतापर्यंत केवळ १३ घोड्यांना हे जमले. १९४८ मध्ये ‘सायटेशन’ने हा मान मिळवल्यानंतर तब्बल २५ वर्षे कोणालाही तो मिळाला नव्हता. ती कोंडी सेक्रेटेरिएटने फोडली.

बेलमाँटचे दीड मैल म्हणजे सुमारे २४०० मीटर. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर होणाऱ्या इंडियन डर्बीचे अंतरही २४०० मीटरच आहे. मात्र महालक्ष्मीचा ट्रॅक गवताचा, तर बेलमाँटचा मातीचा. त्यामुळे दोन्हीकडच्या वेळांची थेट तुलना करता येत नाही.

हरलेल्या नाणेफेकीतून घोडा कसा मिळाला?

सेक्रेटेरिएटचा जन्म ३० मार्च १९७० रोजी व्हर्जिनियातील ‘द मेडो’ या स्टड फार्मवर झाला. त्याचे वडील ‘बोल्ड रूलर’ हे त्या काळातील सर्वात यशस्वी स्टॅलियन, आई ‘समथिंगरॉयल’. बोल्ड रूलरची मालकी फिप्स कुटुंबाकडे होती आणि त्यांचा करार वेगळा होता. घोडी आणणाऱ्याकडून पैसे न घेता ते शिंगरे वाटून घेत. मेडो फार्मने सलग दोन वर्षे दोन-दोन घोड्या पाठवायच्या आणि नाणेफेक जिंकणाऱ्याने पहिल्या वर्षीच्या शिंगरांतून आधी निवड करायची. दुसऱ्या वर्षी आधी निवडण्याचा हक्क हरणाऱ्याला.

दुसऱ्या वर्षी दोनपैकी एक घोडी गाभण राहिलीच नाही. त्यामुळे जिंकणाऱ्याला एकच शिंगरू मिळणार आणि हरणाऱ्याला दोन, हे १९६९ मध्ये नाणे उडवण्याआधीच दोन्ही बाजूंना ठाऊक होते. ऑग्डेन फिप्स नाणेफेक जिंकले आणि त्यांनी समथिंगरॉयलची पहिल्या वर्षीची मुलगी निवडली. ती एकही शर्यत जिंकू शकली नाही. हरलेल्या पेनी चेनरी यांच्या वाट्याला समथिंगरॉयलच्या पोटातले न जन्मलेले शिंगरू आले. तोच सेक्रेटेरिएट. हे नाव फार्मच्या सचिव एलिझाबेथ हॅम यांनी सुचवले. त्याआधी पाठवलेली नावे जॉकी क्लबने नाकारली होती.

ट्रिपल क्राउनआधीच ६० लाख डॉलर का मोजले गेले?

४ जुलै १९७२ रोजी न्यूयॉर्कच्या अ‍ॅक्वेडक्ट रेसकोर्सवर सेक्रेटेरिएट पहिल्यांदा धावला. सुरुवातीलाच धक्काबुक्कीत अडकल्याने तो चौथा आला. त्यानंतर मात्र त्याने वर्षअखेरपर्यंत नऊपैकी सात शर्यती जिंकल्या आणि दोन वर्षांचा असतानाच अमेरिकेतील ‘हॉर्स ऑफ द इयर’ ठरला. प्रशिक्षक होते ल्युसियन लॉरिन, जॉकी रॉन टरकॉट आणि मोतद्दार एडी स्वेट.

जानेवारी १९७३ मध्ये फार्मचे संस्थापक, पेनी यांचे वडील ख्रिस्तोफर चेनरी यांचे निधन झाले. वारसा कराचा मोठा बोजा कुटुंबावर आला. फार्म वाचवायचा तर घोडा विकणे भाग होते. क्लेबर्न फार्मच्या सेथ हॅनकॉक यांनी मार्ग काढला. सेक्रेटेरिएटच्या भावी पैदाशीच्या हक्कांचे ३२ हिस्से करून प्रत्येकी १ लाख ९० हजार डॉलरना विकण्यात आले. एकूण रक्कम ६० लाख ८० हजार डॉलर. तोवर कोणत्याही घोड्याला एवढी किंमत मिळाली नव्हती. अट एकच, तीन वर्षांचा हंगाम संपताच घोड्याने शर्यतीतून निवृत्त व्हायचे. त्याची कारकीर्द इतकी छोटी का, याचे उत्तर या करारात आहे.

यात जोखीम उघड होती. बोल्ड रूलरची संतती वेगवान, पण लांब अंतरावर दम तोडणारी, असा त्या काळचा समज होता. त्यातच डर्बीच्या दोन आठवडे आधी वुड मेमोरियल शर्यतीत सेक्रेटेरिएट तिसरा आला. त्याच्या तोंडात गळू झाले होते आणि लगामाचा ताण त्याला सहन होत नव्हता, हे नंतर सांगितले गेले. त्या वेळी मात्र ३२ हिस्सेदारांचे पैसे आणि चेनरी कुटुंबाची प्रतिष्ठा, दोन्ही पणाला लागले होते.

त्या पाच आठवड्यांत काय घडले?

५ मे १९७३ रोजी केंटकी डर्बीत तो सुरुवातीला सर्वात मागे होता. पण पाव-पाव मैलाचे प्रत्येक टप्पे त्याने आधीच्या टप्प्यापेक्षा कमी वेळात पार केले. पहिला टप्पा २५.२ सेकंदांचा, शेवटचा २३ सेकंदांचा. सव्वा मैलाच्या शर्यतीत घोडे शेवटाकडे मंदावतात. हा वेग वाढवत गेला. १ मिनिट ५९.४ सेकंद ही वेळ आजही डर्बीचा विक्रम आहे.

दोन आठवड्यांनी प्रीकनेसमध्ये पहिल्याच वळणावर बाहेरून मुसंडी मारून तो शेवटून थेट पुढे आला आणि जिंकला. तेव्हा रेसकोर्सचे विद्युत घड्याळ चुकले होते. अधिकृत वेळ आधी १ मिनिट ५५ सेकंद, मग १ मिनिट ५४.४ सेकंद अशी नोंदली गेली. हाती घड्याळ लावणाऱ्या अनुभवी मंडळींची वेळ याहून कमी होती. हा वाद ३९ वर्षे चालला. अखेर जून २०१२ मध्ये मेरीलँड रेसिंग कमिशनने जुन्या चित्रफिती तपासून १ मिनिट ५३ सेकंद ही वेळ मान्य केली. त्यामुळे तिन्ही शर्यतींचे विक्रम त्याच्या नावावर झाले.

बेलमाँटमध्ये पाचच घोडे होते. प्रतिस्पर्धी ‘शॅम’ने पहिले सहा फर्लांग त्याला बरोबरीने साथ दिली. इतक्या लांब शर्यतीसाठी तो वेग आत्मघातकी मानला जातो आणि शॅमच्या बाबतीत तसेच झाले. तो शेवटचा आला. सेक्रेटेरिएट मात्र पुढे पुढेच जात राहिला. ताशी साधारण ६० किलोमीटर या सरासरीने त्याने दीड मैल कापले. ट्रॅकचा आधीचा विक्रम २ मिनिटे २६.६ सेकंदांचा होता. दोन डॉलरच्या तिकिटावर विजेत्यांना जेमतेम २० सेंट नफा होता, पण तब्बल ५,६१७ जणांनी पैसे घेतलेच नाहीत. तिकीट आठवण म्हणून जपून ठेवले.

मग तो हरला कधी?

बेलमाँटनंतरच्या दोन महिन्यांतच. ऑगस्टमध्ये साराटोगा येथे ‘अनियन’ या फारशा चर्चेत नसलेल्या घोड्याने त्याला हरवले. त्या वेळी सेक्रेटेरिएट आजारी होता. सप्टेंबरमध्ये मार्लबरो कपमध्ये त्याने नऊ फर्लांगांचा जागतिक विक्रम केला, पण त्याच महिन्यात ओल्या ट्रॅकवर ‘प्रूव्ह आउट’ने त्याला मागे टाकले. अनियन आणि प्रूव्ह आउट दोघांचे प्रशिक्षक एकच, अ‍ॅलन जर्किन्स. २८ ऑक्टोबर १९७३ रोजी टोरंटोत गवताच्या ट्रॅकवर त्याने शेवटची शर्यत जिंकली. एकूण हिशेब असा : २१ शर्यती, १६ विजय, कमाई १३ लाख १६ हजार ८०८ डॉलर.

त्याच्या वेगाचे रहस्य हृदयात होते का?

घोडा भरधाव असताना त्याचा श्वास टापांशी बांधलेला असतो. एका झेपेला एक श्वास. विश्रांतीत मिनिटाला ३० ते ४० असणारे हृदयाचे ठोके शर्यतीत २०० च्या वर जातात. प्लीहेत साठवलेल्या तांबड्या पेशीही रक्तात मिसळतात. अशा वेळी किती रक्त किती लवकर स्नायूंपर्यंत पोहोचते, यावर दम ठरतो. म्हणूनच हृदयाच्या आकाराला महत्त्व.

थरोब्रेडचे हृदय सामान्यतः चार-पाच किलोंचे असते. १९८९ मध्ये सेक्रेटेरिएटच्या शवविच्छेदनात डॉ. थॉमस स्वेर्झेक यांना ते याच्या सुमारे दुपटीहून मोठे आणि पूर्णपणे निरोगी दिसले. मात्र त्यांनी ते वजनकाट्यावर ठेवले नाही. बहुचर्चित दहा किलोंचा आकडा हा नंतरचा अंदाज आहे. पुढे शॅमचे हृदय त्यांनी प्रत्यक्ष मोजले, ते सुमारे आठ किलो भरले. त्यावरून सेक्रेटेरिएटचा अंदाज बांधला गेला. म्हणजे दोन असामान्य हृदयांचे घोडे योगायोगाने एकाच वर्षी जन्मले. मोठे हृदय आईकडून येते, असा एक सिद्धांत आहे, पण तो सिद्ध झालेला नाही.

विक्रम अजून का मोडला नाही?

जुन्या बेलमाँट ट्रॅकवर दीड मैलाची त्यानंतरची सर्वोत्तम वेळ २ मिनिटे २६ सेकंद आहे. ‘ईझी गोअर’ (१९८९) आणि ‘ए. पी. इंडी’ (१९९२) यांनी ती नोंदवली. दोन सेकंदांचा फरक म्हणजे साधारण दहा लेंथ. धावपटूंचे विक्रम सतत मोडत असताना या तीन शर्यतींमधील विजेत्यांच्या वेळा कित्येक दशके जवळपास स्थिर आहेत. सर्व थरोब्रेडची नर वंशावळ अठराव्या शतकाच्या आसपासच्या तीन घोड्यांपर्यंत जाते, त्यामुळे पैदाशीचा साठा मर्यादित आहे. अमेरिकेत आता कमी अंतराच्या वेगाला अधिक मागणी आहे आणि दीड मैलाच्या मातीच्या शर्यती दुर्मीळ झाल्या आहेत. बेलमाँट रेसकोर्सच्या पुनर्बांधणीमुळे २०२४ आणि २०२५ मध्ये ही शर्यतही साराटोगा येथे सव्वा मैलाची झाली.

त्यानंतर काय उरले?

वेगाची किंमत या कहाणीतल्या अनेकांनी मोजली. बेलमाँटनंतर काही आठवड्यांतच पायाचे हाड मोडल्याने शॅमची कारकीर्द संपली. टरकॉट १९७८ मध्ये बेलमाँटवरच घोड्यावरून पडले आणि कमरेखाली कायमचे अपंग झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. सेक्रेटेरिएटला खुरांच्या आत असह्य वेदना देणारा लॅमिनायटिस हा आजार झाला. उपचार थकल्यावर ४ ऑक्टोबर १९८९ रोजी, १९ वर्षांचा असताना, त्याला शांतपणे मरण देण्यात आले. नामांकित घोड्यांचे डोके, हृदय आणि खूर तेवढे पुरण्याची प्रथा असते. क्लेबर्न फार्मवर त्याला अखंड पुरण्यात आले.

पैदाशीत आपल्यासारखा मुलगा तो देऊ शकला नाही, अशी टीका झाली. ‘लेडीज सीक्रेट’ ही मुलगी मात्र १९८६ मध्ये ‘हॉर्स ऑफ द इयर’ ठरली आणि त्याचा खरा वारसा मुलींमार्फतच पुढे गेला. ए. पी. इंडी हा त्याच्या मुलीचाच मुलगा. दुसऱ्या एका मुलीचा मुलगा ‘स्टॉर्म कॅट’ पुढे बडा स्टॅलियन बनला. ३७ वर्षांच्या खंडानंतर २०१५ मध्ये ‘अमेरिकन फॅरोआ’ने आणि २०१८ मध्ये ‘जस्टिफाय’ने ट्रिपल क्राउन जिंकला. या दोघांच्याही वंशावळीत स्टॉर्म कॅट आहे आणि त्याच्यामार्फत सेक्रेटेरिएटही.