जुन्या आऊटबोर्डचा जोर

मालवण बंदरात जुना आऊटबोर्ड मंदावला की जास्त हॉर्सपॉवरच्या नव्या इंजिनाची चर्चा सुरू होते. पण गेलेला जोर पुष्कळदा इंजिनाबाहेरच सापडतो: होडीच्या बुडाला धरलेलं शेवाळ नि कालवं, वाळूत घासून कडा झिजलेला पंखा. पंख्याचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो जेवढा पुढे सरकायला हवा ते अंतर, एक इंच कमी केला, तर इंजिनाचे फेरे मिनिटाला साधारण 150 ते 200 ने वाढतात. वेग थोडा कमी झाला तरी भरलेल्या होडीला हेच हवं असतं. इंजिनच म्हातारं झालंय, असं कोणी म्हणेल. मग आधी कॉम्प्रेशन मोजा. सिलिंडरांत मोठा फरक निघाला, तर पंखा बदलून भागणार नाही, हे मान्य. नाहीतर पावसाळ्यात होडी वर ओढलेली असतानाच बूड खरवडा, पाण्याच्या पंपाचा रबरी इंपेलर बदला आणि हंगामात रोज इंजिनातून गोडं पाणी फिरवा.