पहाटेचे आठशे मीटर

जानेवारीत आमच्या आटपाडीत सूर्य सातच्या पुढे दिसतो. त्याआधी, फजरची नमाज पढून माणसं घरी परतत असतात तेव्हा रस्त्यावर दोनच प्रकारचे लोक भेटतात. एक डेअरीला दूध घालायला निघालेले, दुसरे भरतीसाठी पळणारे. माणदेशातलं हे चित्र नवं नाही. पाऊस कमी, त्यामुळे इथला माणूस पोटासाठी कायम बाहेर पडत आला. कुणी गलाईच्या धंद्यात सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलं, कुणी फौजेत गेलं, कुणी पोलिसात. आता टेंभूचं पाणी आलं, डाळिंबाच्या बागा वाढल्या, पण तो फायदा ज्याची जमीन त्याला. आमच्यासारख्या बांगड्यांच्या दुकानावर जगणाऱ्या घराला नोकरीचाच आधार.

नवं एवढंच की त्या पळणाऱ्यांत या महिन्यापासून आमची थोरली लेक आहे.

महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी पन्नास गुणांची असते. मुलींना ८०० मीटर धावणं २० गुणांचं, १०० मीटर आणि गोळाफेक प्रत्येकी १५ गुणांची. ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदांच्या आत संपवलं तर पूर्ण वीस मिळतात. आमची बी. ए. झालेली पोर पहिल्या दिवशी मैदानाच्या दोन फेऱ्या मारून आली तेव्हा माझ्या मोबाइलवर ३ मिनिटं ४१ सेकंद झाले होते, आणि ती कमरेवर हात ठेवून वाकली होती.

वेळ लावायचं काम माझं. एकटीला अंधारात पाठवायचं नाही एवढी एकच अट तिच्या अब्बांनी घातली होती, म्हणून मी शाल पांघरून मैदानाच्या कडेला उभी. आमच्या सासूबाई रोज दारापर्यंत येतात आणि एकच वाक्य बोलतात, "संभालके जा गे बेटी." मग परत जाऊन वाकळ शिवायला बसतात. सत्तरी उलटली तरी सुईत दोरा स्वतःच ओवतात.

मैदानावर एक निवृत्त फौजी मुलांकडून सराव करून घेतात. पैसे घेत नाहीत. त्यांनी पहिल्याच आठवड्यात पोरीची चूक धरली, "पहिल्या फेरीतच जीव काढतेस, दुसरीला काय ठेवतेस?" त्यांनी दिलेला सराव साधा आहे. एक दिवस सावकाश चार किलोमीटर, बोलता येईल इतक्याच वेगानं. दुसऱ्या दिवशी २०० मीटर जोरात आणि तेवढंच चालत, असं सहा वेळा. आठवड्यात एक दिवस पूर्ण विश्रांती. तो आम्ही शुक्रवार ठरवला. पाळीच्या दिवसांत नुसतं चालणं. हे तिनं त्यांना सांगावं कसं, म्हणून मीच सांगितलं. ते म्हणाले, "वहिनी, मलाही दोन मुली आहेत." विषय तिथंच संपला.

कपड्यांचा प्रश्न मात्र आठवडाभर पुरला. ओढणी सुटायची, पिना टोचायच्या. शेवटी होजियरीच्या कापडाचा टोपीसारखा रुमाल मी मशीनवर शिवून दिला. लांब कुर्ता आणि ट्रॅक पँट. ज्या घरांत हा प्रश्न पडला असेल त्यांनी सुती कापड घेऊ नये, घामानं जड होतं. खाण्यात वेगळं काही आणलं नाही. रात्री भिजवलेले हरभरे, शेंगदाणे-गूळ, ज्वारीची भाकरी, एक अंडं.

दुकान आठवडा बाजाराच्या दुसऱ्या दिवशी बंद असतं. त्या सुट्टीला आम्ही या महिन्यात ठरवून बाहेर पडलो, एसटीनं, डबा घेऊन. पहिली फेरी तर गावाजवळच, स्वतंत्रपूर वसाहतीच्या बाजूला. औंधच्या राजांनी १९३९ मध्ये कैद्यांसाठी ही भिंती नसलेली वसाहत उभी केली. कैदी इथं कुटुंबासह राहतात, शेती करतात. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' याच प्रयोगावरून सुचलेला. तो लिहिला गदिमांनी, आणि त्यांचा जन्म आपल्याच तालुक्यातल्या शेटफळ्याचा. मुलांना शाळेत ही गोष्ट कुणी सांगत नाही, याचं मला नवल वाटतं.

दुसरी फेरी औंधची. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. तिथल्या भवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रं आहेत. ती बघून धाकटा कंटाळला, पण तिचे अब्बा प्रत्येक चित्रापुढं थांबले. चित्रांचं वेड त्यांना आहे, हे लग्नाला चोवीस वर्षं झाल्यावर मला कळलं. याच बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी संस्थानच्या शाळांत मुलामुलींना व्यायाम सक्तीचा केला होता. म्हणजे आमच्या भागात मुलींनी मैदानावर येणं काही कालपरवाचं नाही.

याच महिन्यात लेकीला एक स्थळ आलं. मुलगा चांगला, पुण्यात कंपनीत. बोलणी जमत आली आणि मुलाच्या मामींनी चहाचा कप खाली ठेवत विचारलं, "ते सकाळचं पळणं आता बंद होईल ना?" बैठकीत कुणी बोललं नाही. आत स्वयंपाकघरात लेक कांदा चिरत होती, तिचा हात थांबलेला मला दिसला.

शेजारच्या चाची नंतर म्हणाल्या, "परद्यातली पोरगी मैदानावर कशाला?" मी त्यांना हजरत आयेशांची गोष्ट आठवण करून दिली. रसूलुल्लाह (स.) यांच्याबरोबर त्या शर्यत धावल्या होत्या, एकदा जिंकल्या, पुढं एकदा हरल्या. अबू दाऊदमध्ये ही हदीस आहे. चाची म्हणाल्या, "ती गोष्ट वेगळी." असेल. पण मग ती आपल्यापर्यंत पोहोचवली कशासाठी, हे त्यांनीही सांगितलं नाही. मी मग माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबरचं नाव काढलं. दुष्काळी गावच्या रस्त्यावर पळणारी ही मुलगी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचली आणि दहावी आली. चाचींना ते नाव ठाऊक होतं. टीव्हीवर पाहिलं होतं म्हणाल्या, आणि पापड लाटत राहिल्या.

चार दिवस घरात त्या स्थळाचीच चर्चा. तिचे अब्बा गप्प होते. स्थळ हातचं जावं असं कुठल्या बापाला वाटेल? धाकटीही लग्नाची होत आलीय. शेवटी सासूबाईंनी वाकळ बाजूला ठेवून विचारलं, "पोरीला कुणी विचारलं का?" विचारलं. ती म्हणाली, "लग्नाला माझी ना नाही. पण एक भरती देऊ द्या. पडले तर पडले." तिच्या अब्बांनी त्याच संध्याकाळी फोन लावला आणि सांगितलं, मुलगी भरती देणार, तोवर थांबायचं असेल तर थांबा, नसेल तर राग नाही. तिकडून "घरात विचारून कळवतो" एवढंच आलं. अजून कळवलेलं नाही.

महिनाअखेरीला तिचं ८०० मीटर ३ मिनिटं १४ सेकंदांवर आलं आहे. फौजी म्हणतात, पहिले सेकंद भराभर कमी होतात, शेवटचे वीस-पंचवीस महिने खातात. गोळाफेक कच्ची आहे. चार किलोचा गोळा शाळेतून मागून आणलाय आणि अंगणातल्या फरशीला एक तडा गेलाय. बुटांचे तळ झिजले, ते येत्या सुट्टीला विट्याला जाऊन घ्यायचे आहेत.

मैदानाच्या कडेला आता मी एकटी नसते. आणखी दोघी आया मुलींना घेऊन येतात, त्यातली एक बाग राखणाऱ्या कुटुंबातली. मुली पळतात तोवर आम्ही तिघी कडेकडेनं चालतो. परवा मोजलं, पाच फेऱ्या झाल्या.