सनावळी का विसरते?

इतिहासाच्या पेपरच्या आदल्या रात्री एकच धडा तीन-तीन वेळा वाचावा, सारे पाठ झाले असे वाटावे आणि दुसऱ्या दिवशी १९०२ की १९१७ या घोळात पाच मिनिटे निघून जावीत, असा अनुभव तुम्हांला आला आहे काय? मला आला आहे. दहावीच्या परीक्षेत राजर्षी शाहू महाराजांवरील टिपेत मी ही दोन साले उलटसुलट लिहिली. रोज दसरा चौकातल्या महाराजांच्या पुतळ्यावरून शाळेला जाणारा कोल्हापूरचा मुलगा मी! उरलेला पेपर त्या रुखरुखीतच गेला.

विसरणे मोजता येते काय? हेरमान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने ते मोजले आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. प्रयोग स्वतःवरच. निरर्थक शब्दखंडांच्या याद्या पाठ करायच्या, काही वेळाने त्याच पुन्हा पाठ करायच्या आणि दुसऱ्या खेपेस किती श्रम वाचले ते पाहायचे. सुमारे २० मिनिटांनंतर ५८ टक्के श्रम वाचत, तासाभराने ४४, एका दिवसाने ३४ आणि महिन्याने २१ टक्के.

हे आकडे पाहून आम्हां पदार्थविज्ञानवाल्यांना किरणोत्सारी द्रव्य आठवते. पण हिशेब करून पाहा. दर २० मिनिटांनी ५८ टक्केच उरत गेले असते, तर तासाभराने ०.५८ चा घन, म्हणजे जेमतेम २० टक्के उरले असते. प्रत्यक्षात ४४ उरले! तेव्हा विसरण्याला ठरावीक अर्धायुकाल नाही. ते आरंभी झपाट्याने होते, मग मंदावते.

एबिंगहाऊस यांना आणखी एक गोष्ट आढळली. एकाच दिवशी केलेल्या ६८ आवर्तनांचे काम तीन दिवसांत विभागलेली ३८ आवर्तने करीत. माझी ती जागरणाची रात्र इथेच वाया गेली.

आणि नुसते वाचणे म्हणजे आठवणे नव्हे. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला एक उतारा चार सत्रांत वाचायला दिला. दुसऱ्या गटाने तो एका सत्रात वाचला आणि पुढची तीन सत्रे उतारा न पाहता आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते, ८३ विरुद्ध ७१ टक्के. आठवड्याने मात्र वाचणारे ४० वर घसरले, लिहिणारे ६१ वर राहिले. रात्री 'सारे येते' असे का वाटते, ते आता कळले ना?

एबिंगहाऊस यांनी मुद्दाम निरर्थक शब्द घेतले होते. इतिहास तसा नाही. १९०१ मध्ये कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघाले. १९०२ मध्ये महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखल्या. पण त्या जागांवर बसायला शिकलेली माणसे नकोत काय? १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम निघाला. असा दुवा मनाशी जोडला, की साले उलटी लिहिणे अवघड जाते. (भूगोलाच्या बाबतीत कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या घोकण्यापेक्षा पंचगंगेचा कच्चा नकाशा न पाहता काढावा. चुकला तर अधिकच बरे, चूक कुठे होते ते दिसते.)

आता हा अंक मिटा. एबिंगहाऊस यांचे चार आकडे आणि कोल्हापूरची तीन साले कोऱ्या कागदावर लिहा, मगच ताडून पाहा. उद्या आणि आठवड्याने पुन्हा तेच करा आणि प्रत्येक वेळी किती बरोबर आले ते वहीत मांडून आलेख काढा.