झोपू देणारी बोट

बदलापूरच्या सोनिवलीतून बोलतोय. आमच्याकडे पाणी म्हणजे उल्हास नदी, समुद्र लोकल पकडूनच बघायचा. तरी आजचा एपिसोड शिडाच्या बोटीवर आहे, कारण गेल्या आठवड्यात माझी ऑन-कॉल ड्युटी होती. रात्री तीनला फोन वाजायचा, उठून सर्व्हर बघायचा. तेव्हा डोक्यात आलं, जो माणूस एकटा बोट चालवत पृथ्वीला फेरी मारतो, तो झोपतो कधी?

उत्तर मुंबईत बनलेल्या एका बोटीत आहे. नाव ‘सुहैली’. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तेव्हा व्यापारी जहाजांवर अधिकारी होते. त्यांनी ती मुंबईत, आपल्याच सुतारांकडून, सागवानात बांधून घेतली. 1964 च्या डिसेंबरमध्ये ती पाण्यात उतरली. लांबी जेमतेम 32 फूट. डिझाइन तेव्हाही जुनंच होतं, 1920 च्या दशकातलं, नॉर्वेच्या बचाव-नौकांवरून घेतलेलं.

आता गंमत बघा. या बोटीची कील, म्हणजे तळाचा कणा, जवळजवळ पूर्ण लांबीभर जाते. बादलीतल्या पाण्यात पट्टी उभी धरून बघा. लांबीच्या दिशेने ती सहज सरकते, आडवी ढकलली तर अडते. लांब कीलचं काम तेच. बोट सरळ जात राहते, उगाच वळत नाही. सुकाणू या कीलच्या मागेच बसवलेलं, त्यामुळे पाण्यात काही आपटलं तरी आधी मार कील खाते. मागची बाजूसुद्धा पुढच्यासारखी निमुळती, म्हणून मागून येणारी लाट आपटायच्या ऐवजी दुभंगते.

आणि डोलकाठ्या दोन. पुढची मोठी, मागची लहान. मला सगळ्यात आवडलेला भाग हाच. पुढच्या टोकाच्या शिडावर वारा बसला की बोटीचं नाक वाऱ्यापासून दूर जातं. मागच्या लहान शिडावर बसला की शेपूट ढकललं जातं आणि नाक वाऱ्याकडे येतं. दोन्ही शिडं कमीजास्त ताणून तराजूसारखी जुळवली, की सुकाणूला हात न लावता बोट आपल्या वाटेनं जाते. माणूस झोपू शकतो!

हे कामाला आलं 1968 मध्ये. एकट्याने, कुठेही न थांबता जगप्रदक्षिणा करायची शर्यत होती. वाऱ्याच्या जोरावर सुकाणू सांभाळणारं यंत्र ‘सुहैली’वर होतं, पण ते ऑस्ट्रेलियाच्या आसपास कायमचं मोडलं. पुढे अर्धं जग बाकी! रॉबिननी शिडं जुळवली आणि प्रवास चालू ठेवला. फळ्यांच्या फटीतून पाणी शिरलं, तेव्हा समुद्रात उडी मारून स्वतः फट बुजवली होती. 312 दिवसांनी, 22 एप्रिल 1969 ला ते इंग्लंडला परतले. नऊ जण निघाले होते, शर्यत पूर्ण केली ती एकट्या त्यांनी.

वेग? सरासरी 4 नॉट, म्हणजे ताशी साडेसात किलोमीटर. आपलं जॉगिंग. जड बोटीची किंमत हीच, आणि हलक्या वाऱ्यात तर ती रडवते. मला विचाराल तर सौदा चांगला आहे.

पण ही बोट अजिंक्य आहे असं समजू नका. 2018 मध्ये आपल्या नौदलाचे अभिलाष टॉमी याच धर्तीची, गोव्यात बांधलेली ‘थुरिया’ घेऊन तशाच शर्यतीत उतरले. दक्षिण हिंदी महासागरात 21 सप्टेंबरला वादळाने बोट उलटीपालटी केली, डोलकाठ्या गेल्या, त्यांच्या पाठीच्या कण्याला जबर मार लागला. तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. त्या लाटांपुढे 32 फूट म्हणजे काहीच नाही. तरी एक सांगतो, डोलकाठ्या गेल्यावरही बोट तरंगत राहिली, आणि हलताही न येणारा माणूस आत जिवंत राहिला. डिझाइनकडून मी तरी आधी एवढंच मागेन.

पुढच्या शर्यतीत, 2022 ला, ते परत गेले. या वेळी 36 फुटी फायबरची बोट, एकच डोलकाठी, पण कील लांबच. सुकाणू सांभाळणारं यंत्र याही वेळी वाटेत मोडलं. बोटीतल्याच लाकडाचे तुकडे कापून त्यांनी ते पुन्हा पुन्हा चालू केलं आणि एप्रिल 2023 मध्ये दुसरे आले.